ताटाची डावी बाजू : व्यवसायोपचारतज्ज्ञ सहकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व व्यवसायोपचारतज्ज्ञ, आपल्या महाविद्यालयांतले शिक्षक आणि विद्यार्थी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली २२ वर्षं ओटीचं, म्हणजे व्यवसायोपचाराचं (ऑक्युपेशनल थेरपी), काम करते आहे; आजार किंवा इजेनंतर माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून केलेले हे उपचार. पहिली काही वर्षं मुंबईत काढली, नंतर साताऱ्यात आले. इथे दवाखान्यापेक्षा पेशंटच्या घरी जास्त जावं लागतं. जे सांगायचं आहे त्याआधी एका काकूंबद्दल लिहिते, कारण मला जे उशिरा कळलं ते त्यांच्या स्वयंपाकघरात कळलं.

काकूंचं वय ६२. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं. हातात थोडी हालचाल परत आली होती म्हणून सहा आठवडे मी त्यांच्याकडून डाव्या हाताने पेग, म्हणजे भोकांच्या फळीतल्या छोट्या खुंट्या, उचलून घेत होते. पेगबोर्ड त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलेला असे. कधी त्या उचलत, कधी नुसत्या बसून राहत. "काकू, हा घ्या ना," म्हटलं की म्हणत, "कुठला गं?" मी फाईलमध्ये लिहिलं, "लक्ष टिकत नाही. सहकार्य कमी." तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

सातव्या आठवड्यात मोरीत धरायला दांडी कुठे बसवायची ते बघायला त्यांच्या घरी गेले. जेवणाची वेळ होती. सुनेने ताट वाढलं आणि मला म्हणाली, "अहो मॅडम, आईंना आताशा चटणी-कोशिंबीर नकोच असते. तशीच राहते. आधी लोणच्याशिवाय घास उतरायचा नाही त्यांना." मी ताटाकडे बघितलं. भाजी संपली होती, उसळ संपली होती, आमटीची वाटी रिकामी. डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर हे सगळं जसं वाढलं तसं होतं. भातसुद्धा अर्धाच खाल्लेला, मधोमध सुरीने कापावा तसा.

मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. काकू म्हणाल्या, "अगंबाई, आज कोशिंबीर केलीस होय?"

त्यांना कोशिंबीर नकोशी झाली नव्हती. त्यांना ती दिसतच नव्हती. माझे पेगही दिसत नव्हते. सहा आठवडे मी एका बाईला तिच्या लेखी अस्तित्वातच नसलेल्या जागेत ठेवलेल्या वस्तू उचलायला सांगत होते, आणि ती उचलत नाही म्हणून तिच्या नावावर असहकार लिहीत होते. घरच्यांनी चष्म्याचा नंबरसुद्धा तपासून आणला होता. नवा चष्मा, नजर ६/६. ते खरंच होतं. तक्ता वाचायला समोरचं एक अक्षर दिसलं की पुरतं. अर्धं जग गेलं तरी तक्ता वाचता येतो.

या पत्रात मला एकच मागणं मागायचं आहे. पेशंट आपल्याकडे कुठल्याही कारणाने येवो, हाताची ताकद आणि सांध्यांची हालचाल मोजण्याआधी त्याला दिसतं किती, ऐकू येतं किती आणि बोटांना कळतं किती, हे आपण स्वतः बघायचं. पहिल्याच भेटीत. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत "नजर ठीक" असं लिहिलेलं असलं तरीही.

आपल्यापैकी अनेक जण म्हणतील, हे आम्ही करतोच. करत असाल तर मला आनंदच आहे. पण मी इतर ठिकाणांहून आलेल्या पेशंटच्या फाइली बघते. त्यात स्नायूंचा ताठरपणा असतो, पकडीची ताकद किलोत असते, रोजच्या कामांचे गुण असतात. दृष्टीच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो : "नॉर्मल". कोणी बघितलं, कसं बघितलं, चष्मा लावून की काढून, काही नाही. मीही तसंच लिहीत होते. आमच्या शिक्षणाच्या काळात हा भाग शेवटच्या काही तासांत उरकला गेला होता, आणि परीक्षेत तर एकाही केसला डोळे नव्हते, असं म्हटलं तरी चालेल.

अमेरिकेतल्या ओटी मेरी वॉरन यांनी १९९३ साली एक साधी उतरंड मांडली. आपल्याकडे मडक्यांची उतरंड असते तशीच ती डोळ्यांसमोर आणावी. सगळ्यांत खाली तीन गोष्टी : स्पष्ट दिसणं, दोन्ही बाजूंचं दृष्टिक्षेत्र, म्हणजे समोर बघताना कडेपर्यंत जेवढं दिसतं तो भाग, शाबूत असणं आणि डोळ्यांची हालचाल ताब्यात असणं. त्यावर लक्ष देणं. त्यावर नजर पद्धतशीर फिरवणं. त्यावर आकार ओळखणं, मग बघितलेलं लक्षात ठेवणं आणि अगदी वर त्या सगळ्याचा उपयोग करून विचार करणं. खालचं मडकं फुटलं की वरची कलंडतात. आपण मात्र वरच्या मडक्यापासून सुरुवात करतो. ठोकळ्यांची नक्षी जुळवायला देतो, घड्याळाचं चित्र काढायला देतो, आणि चुकलं की आकलनात दोष आहे असं ठरवतो. खरं तर पेशंट वाचायचा चष्मा घरी विसरलेला असतो.

काकूंच्या बाबतीत दोन शक्यता होत्या, आणि त्या वेगळ्या काढणं महत्त्वाचं आहे, कारण उपचार वेगळे आहेत. एक म्हणजे दृष्टिक्षेत्राचा डावा अर्धा भाग जाणं. डोळे शाबूत असतात, पण मेंदूकडे जाणाऱ्या वाटेत किंवा मेंदूच्या मागच्या भागात इजा झाल्यामुळे दोन्ही डोळ्यांची डावी बाजू एकदम जाते. दुसरी म्हणजे डाव्या बाजूचं भानच जाणं. पहिल्या प्रकारातल्या माणसाला एकदा समजलं की तो मान वळवतो, शोधतो, अंदाज बांधतो. दुसऱ्या प्रकारातल्या माणसाला सांगूनही तिकडे जावंसं वाटत नाही, कारण त्याच्या मनात "तिकडे" असं काही उरलेलंच नसतं. तो दाढी अर्धीच करतो, सदऱ्याची डावी बाही घालायची राहते. कागदभर आडव्या रेषा काढून "प्रत्येक रेघेवर फुली मारा" म्हटलं तर उजव्या अंगाच्या रेषांवर फुल्या पडतात आणि तो पेन खाली ठेवतो, झालं म्हणून. बऱ्याच जणांत दोन्ही एकत्र असतात. काकूंना क्षेत्र गेलेलं होतं, भान बऱ्यापैकी शिल्लक होतं. म्हणून त्या शिकल्या.

शिकवलं काय, तर ताटाच्या डाव्या कडेला लाल दोऱ्याची एक गाठ. ती दिसेपर्यंत मान वळवायची आणि मगच पहिला घास घ्यायचा. वर्तमानपत्रात प्रत्येक रकान्याच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ. रेघ सापडल्याशिवाय ओळ वाचायला सुरुवात करायची नाही. आधी त्या लाइट बिलावरचे १२५० रुपये २५० वाचत होत्या आणि मुलाशी वाद घालत होत्या की तू जास्त पैसे सांगतोस. घरच्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. उजवी बाजू गेलेल्या माणसाचं वाचन आणखी रखडतं, हेही ध्यानात ठेवा. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, तेव्हा त्याला पुढचा शब्दच दिसत नाही आणि तो प्रत्येक अक्षरावर ठेचाळतो. त्याला वाचा गेल्याची तक्रार म्हणून पाठवलेलं मी पाहिलं आहे.

दृष्टिक्षेत्र ढोबळपणे तपासायला यंत्र लागत नाही. पेशंटसमोर हातभर अंतरावर बसायचं. त्याने आपल्या नाकाकडे बघायचं. एकेक डोळा झाकून, आपलं बोट कडेने आत आणत "दिसलं की सांगा" म्हणायचं. मग दोन्ही बाजूंना एकदम बोटं हलवायची. एकेक बोट दिसतं, पण दोन्ही एकदम हलवली की डावं नाहीसं होतं, तर भानाची बाजू पक्की तपासा. चार-पाच मिनिटांचं काम आहे. शंका आली की नेत्रतज्ज्ञांकडे क्षेत्राच्या तपासणीसाठी पाठवायचं, आणि चिठ्ठीत नुसतं "डोळे तपासा" न लिहिता "डावं क्षेत्र गेल्याची शंका" असं लिहायचं. नाहीतर पुन्हा नंबर काढून परत येतात.

आता मेंदूचा झटका बाजूला ठेवू. साठी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाचा विचार करा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. आणि आपली घरं कशी असतात? ट्यूबलाइट भिंतीवर, ओट्याकडे तोंड केलं की आपलीच सावली कामावर. ओटा काळ्या कडाप्प्याचा, तवा काळा. स्टीलचं ताट, स्टीलची वाटी, स्टीलचं भांडं, सगळं चकाकणारं. मोरीत पांढऱ्या टाइल्स, त्यावर पांढरी बादली. पांढऱ्या भिंतीवर पांढरं बटण. जिन्याच्या पायऱ्या एकाच करड्या रंगाच्या, शेवटची पायरी कुठे संपली आणि जमीन कुठे सुरू झाली ते कळत नाही. त्यात दुहेरी काचेचा चष्मा असेल तर उतरताना खाली बघितलं की जवळच्या भिंगातून पायरी धूसर होते. आजी पडली की आपण म्हणतो तोल गेला, आणि तोलाचे व्यायाम सुरू करतो.

काचबिंदू झालेल्या एका आजींच्या घरी मी सकाळभर बसले होते. त्यांनी तांदूळ निवडणं सोडलं होतं. सोडलं म्हणजे सुनेने हातातून काढून घेतलं, कारण भातात खडे लागत होते. चकाकत्या स्टीलच्या ताटात पांढरे तांदूळ निवडायचे, हे चांगल्या डोळ्यांनाही जड जातं. घरात एक जुनं काळं परकराचं कापड होतं. ते पाटावर अंथरलं, पाट खिडकीशी नेला, खिडकीकडे तोंड न करता उजेड खांद्यावरून येईल असं बसवलं. शेजारी टेबल लॅम्प ठेवला, डोळ्यांच्या पातळीच्या खाली. दिवा निम्म्या अंतरावर आणला की उजेड चौपट होतो, ही शाळेत शिकलेली गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कामी आली. आजींनी बोटाने तांदूळ सरकवले आणि खडा काढून माझ्या हातावर ठेवला. सालीचे काळे उडीद निवडायचे तेव्हा मात्र पांढरं ताट लागतं, हे त्यांनीच मला सांगितलं. पुढे त्यांनी मिक्सरच्या बटणावर आणि गॅसच्या खटक्यावर खड्याची टिकली चिकटवली, बोटाला लागावी म्हणून. सकाळच्या गोळ्यांच्या डबीला एक रबर, रात्रीच्या डबीला दोन. त्या वाती तर आधीपासून न बघताच वळत होत्या. आपण "स्पर्शाने काम करण्याचं प्रशिक्षण" असं लांबलचक नाव देतो, ते आपल्याकडच्या बायकांच्या बोटांत आधीच असतं. आपण फक्त विचारायचं असतं.

इथे एक सावधगिरी. काळं कापड अंथरण्याआधी मोतीबिंदू तर नाही ना, हे बघून घ्या. ५० वर्षांपुढच्या लोकांमध्ये आपल्या देशात अंधत्वाचं सगळ्यांत मोठं कारण अजूनही मोतीबिंदूच आहे, आणि ते शस्त्रक्रियेने जातं. जी नजर परत येऊ शकते तिच्याशी जुळवून घ्यायला शिकवणं हा पेशंटवर अन्याय आहे. पण काचबिंदू, मधुमेहाने झालेली पडद्याची इजा, वयानुसार पडद्याच्या मध्यभागाची झीज, रातांधळेपणापासून सुरू होणारे आनुवंशिक आजार यांत एक दिवस असा येतो की डॉक्टर सांगतात, आता औषध नाही, ऑपरेशन नाही. त्या वाक्यानंतर माणूस घरी जातो आणि खाटेवर बसतो. आपलं काम तिथून सुरू होतं, आणि तिथेच आपण कोणी नसतो. नेत्रतज्ज्ञांना आपण काय करतो हे ठाऊक नाही. त्यांना दोष देऊ नका. आपण त्यांच्या दारात कधी गेलोच नाही. ओटी म्हटलं की त्यांना ऑपरेशन थिएटर आठवतं.

अशाच खाटेवर बसलेल्या एका आजोबांबद्दल सांगायला हवं. पडद्याच्या मध्यभागाची झीज होऊन समोरचं सगळं पुसलं गेलं होतं. माणसाचा चेहरा दिसत नसे, कडेचं दिसत असे. नजर थोडी बाजूला धरून कडेने बघायला शिकवण्यासाठी मी जात होते. तिसऱ्या भेटीला त्यांच्या मुलाने मला अंगणात थांबवून हळू आवाजात सांगितलं की बाबा कधी कधी पडवीकडे टक लावून बघतात आणि मग मान फिरवतात, गावातल्या एकाने उतारा टाकायला सांगितला आहे. मी आत जाऊन सरळ विचारलं, "आजोबा, नसलेलं काही दिसतं का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरं दिसतात. पांढरे कपडे घातलेली, लहान लहान. ओळीने बसलेली. बोलत नाहीत. मला माहीत आहे ती खरी नाहीत. पण कोणाला सांगू? वेडा म्हणतील."

आठ महिने त्यांनी हे पोटात ठेवलं होतं.

स्विस अभ्यासक शार्ल बोने यांनी १७६० साली स्वतःच्या आजोबांबद्दल हेच लिहून ठेवलं. नजर गेलेल्या त्या वृद्धाला माणसं, पक्षी, इमारती दिसत, आणि डोकं मात्र ठणठणीत होतं. या अवस्थेला आज बोने यांचंच नाव आहे. डोळ्यांकडून येणारी माहिती थांबली की मेंदूचा पाहणारा भाग स्वतःहून चित्रं रंगवतो. चित्रं दिसतात, पण आवाज येत नाहीत, आणि ती खोटी आहेत हे माणसाला कळत असतं. आवाजही येत असतील, किंवा माणूस त्या चित्रांना खरं मानत असेल, गोंधळलेला असेल, तर लगेच डॉक्टरांकडे पाठवायचं, कारण तेव्हा कारण वेगळं असू शकतं. मी आजोबांनाही डॉक्टरांना दाखवून घेतलं, मग मुलाला समोर बसवून हे सगळं सांगितलं. आजोबा रडले. उतारा काही टाकला गेला नाही. पोरं अजून येतात म्हणे. ते दिवा लावतात, नजर दोन-चारदा इकडून तिकडे फिरवतात, बहुतेक वेळा ती जातात. तुम्ही दृष्टी गेलेल्या माणसाला भेटाल तेव्हा हा प्रश्न विचाराच. तो आपणहून सांगणार नाही.

डोळ्यांबद्दल इतकं लिहिलं, पण बाकीच्या संवेदना त्याला जोडलेल्याच आहेत. मधुमेह पडद्यावर जातो तसा बोटांवर आणि तळपायांवरही जातो. ज्याची नजर गेली त्याला आपण सांगतो, हाताने चाचपून बघा, आणि त्याच्या हातात आधीच मुंग्या आणि बधिरपणा असतो. ब्रेल शिकवायला घेण्याआधी बोटांची टोकं तपासली का? सहा ठिपके एकाच बोटाखाली वेगळे कळावे लागतात. कुष्ठरोगाने ज्यांच्या हातांची संवेदना नेली आणि डोळेही नेले, त्यांना ब्रेलसुद्धा उरत नाही. महाराष्ट्रात कुष्ठरोग्यांसाठी इतकं मोठं काम झालं, त्यामुळे आपल्याला हे कुणी शिकवायची गरज पडू नये. कुष्ठरुग्णांवर काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिलं होतं की हातापायांची बोटं आजाराने आपसूक झडत नाहीत, दुखतच नाही म्हणून पुन्हा पुन्हा होणाऱ्या जखमांनी ती जातात. तेच मधुमेही पायाला लागू आहे. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा, तळपायाला टेकवायचा, वाकला की कळतं का विचारायचं. इतकं स्वस्त साधन आपल्या पिशवीत नसेल तर का नसावं? आणि अंघोळीच्या पाण्यात पाय आधी घालू नका, कोपर बुडवून बघा, कोपरही बधिर असेल तर घरच्या कोणाला हात घालायला सांगा, हे वाक्य घरी सांगून या.

कानांचंही तेच. स्मृतीच्या चाचणीत पाच शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे असतात. श्रवणयंत्र उशाखाली असलेल्या आजींना ते पाच शब्द ऐकूच आले नाहीत, आणि निष्कर्ष निघाला स्मृतिभ्रंशाचा. असा कागद घेऊन एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. यंत्र लावून, शांत खोलीत, माझं तोंड त्यांना दिसेल असं बसून, शब्द मोठ्या अक्षरांत लिहूनही दाखवले. आजींनी पाचपैकी चार सांगितले आणि वर मलाच विचारलं, की आधीच्या मॅडम इतक्या हळू का बोलत होत्या.

मुलांच्या बाबतीत तर मला जास्त काळजी वाटते. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम झालेल्या, पुष्कळ मुलांत डोळे निरोगी असतात, पण मेंदूचा पाहण्याचा भाग दुखावलेला असतो. असं मूल खेळण्याकडे बघतं, आणि हात पुढे करताना मान फिरवतं. बघणं आणि पोचणं त्याला एकाच वेळी झेपत नाही. आपण लिहितो, "डोळा-हात समन्वय नाही, लक्ष नाही." आणि मग त्याच्यासमोर रंगीबेरंगी सतरंजीवर दहा खेळणी मांडतो. त्याला एक हवं असतं, एकरंगी काळ्या कापडावर, शक्यतो लाल किंवा पिवळं, हळू हलणारं, आणि भरपूर वेळ.

एक आई मला सांगत होती, "मॅडम, याला दिसतं हो. मी जवळ गेले की बघतो." तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. मी तिला बांगड्या काढून ठेवायला सांगितल्या. ती क्षणभर थबकली, मग काढल्या. मग ती जवळ गेली तेव्हा मूल वळलं नाही. ते आवाजाकडे वळत होतं. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही, आणि तिला ते असं कळावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. पण त्या दिवसापासून आम्ही तिच्या एकाच हातात, आवाज न करणारा लाल रंगाचा जाड गोफ बांधला आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर टॉर्च धरून सुरुवात केली. पाचव्या महिन्यात मुलाची नजर त्या गोफामागे गेली. आईने बांगड्या पुन्हा घातल्या त्या दिवशी.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल एकच लिहिते. ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत त्याच्या डोळ्याचा पडदा तपासलेला हवा. आपल्याकडे ती बाळं सहा-सात महिन्यांची होऊन येतात, मान धरत नाही म्हणून. पहिल्या भेटीत तो कागद मागा. नसेल तर त्याच दिवशी पाठवा.

शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. १९५० साली कमलाबाई निंबकरांनी मुंबईत केईएममध्ये आपल्या देशातली पहिली ओटी शाळा सुरू केली. अमेरिकेत जन्मून या देशाच्या झालेल्या बाई. आमच्या जिल्ह्यात फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, तिच्यावरून जाताना मला दर वेळी बरं वाटतं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, त्याच मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड उभी राहिली. दोन्ही कामं एकाच शहरात, एकाच काळात मोठी झाली. तरी ओटीचा किती विद्यार्थी पांढऱ्या काठीचं प्रशिक्षण बघायला जातो? विद्यार्थ्यांना दोन आठवडे डोळ्यांच्या ओपीडीत बसवा. अंध शाळेत एक दिवस नव्हे, एक महिना पाठवा. अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकात दृष्टीची एक केस असूच द्या, कारण जे परीक्षेत येत नाही ते पोरं वाचत नाहीत, आम्हीही वाचत नव्हतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत अंधत्व आहे, अल्पदृष्टी वेगळी आहे आणि बहुविकलांगतेत बधिरांधत्वही, म्हणजे दृष्टी आणि श्रवण दोन्हींत दोष असणंही, आहे. कायद्याने ही माणसं मोजली. त्यांच्यातल्या किती जणांच्या स्वयंपाकघरात आपण कधी उभे राहिलो?

राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेलाही एवढंच सांगणं आहे, की नोंदणी टिकवण्यासाठी आपण जी सततच्या शिक्षणाची सत्रं करतो त्यांत हाताच्या स्प्लिंटवर दहा असतील तर दृष्टीवर एक तरी ठेवा, आणि त्यात शिकवायला एक अंध व्यक्ती बोलवा. डोळ्यावर पट्टी बांधून पाच मिनिटं चालून बघण्याचा खेळ नको. त्याने फक्त भीती कळते. वीस वर्षं न बघता स्वयंपाक करणाऱ्या बाईला काय येतं ते त्यातून कळत नाही.

"वेळ कुठे आहे" हे मला माहीत आहे. सरकारी ओपीडीत दिवसाला किती पेशंट येतात, टेबल एक, खुर्च्या दोन, मी ते केलेलं आहे. म्हणून माझ्या पिशवीत काय असतं ते सांगते. चष्मा पुसायचं मऊ फडकं, कारण निम्म्या वेळा पहिला उपचार तोच असतो. भिंगांवर तेल, हळदीचे डाग, चुलीचा धूर साचलेला असतो. जवळचं वाचायचा मराठी मजकूर, मोठ्यापासून बारीक अक्षरांपर्यंत, जाड कागदावर. एका बाजूने काळं, दुसऱ्या बाजूने पांढरं कापड. लाल टोपणाचं पेन. छोटा टॉर्च. नायलॉनचा धागा. पायरीच्या कडेला लावायची पिवळी चिकटपट्टी. सगळं मिळून एका डब्यात बसतं, आणि तपासणीला सवय झाल्यावर दहा मिनिटं पुरतात. ज्या काकूंवर मी सहा आठवडे वाया घालवले त्यांच्यासाठी ही दहा मिनिटं माझ्याकडे पहिल्या दिवशी होती.

ज्यांना ही पद्धत जवळून बघायची असेल, विशेषतः इंटर्न मुलामुलींनी, साताऱ्याच्या बाजूला आलात तर माझ्याबरोबर एक दिवस घरभेटींना चला. गुरुवारी मी अल्पदृष्टीच्याच पेशंटकडे जाते. तांदूळ निवडणाऱ्या आजींकडे चहा ठरलेला असतो. गडद कपात त्या चहा ओतत नाहीत, पांढऱ्याच कपात ओततात, आणि तो का, ते त्या तुम्हाला माझ्यापेक्षा नीट समजावून देतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक व्यवसायोपचारतज्ज्ञ, सातारा